सरकारचं नवं-जुनं

मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात जा. विकास सोसायटीच्या दारात चपलांचा खच पडलेला असतो. आत लग्न नसतं, पारायण नसतं, सभासदांना साखरवाटपही नसतं. आत नवं-जुनं चाललेलं असतं.

पुण्या-मुंबईच्या वाचकांचं कर्ज परस्पर पगारातून कापलं जातं, त्यामुळे त्यांना कर्जातली मजा कळत नाही. त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. सोसायटीचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. मुदत टळली की माणूस थकबाकीदार. मग सवलत गेली, नवं कर्ज गेलं आणि सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचंही गेलं. यातलं तिसरं सगळ्यात जास्त झोंबतं. म्हणून खिशात दमडी नसली तरी फेडायचंच. त्यासाठी मेव्हणा असतो, भावकी असते, आणि यातलं कुणीच दाद देईना झालं तर शेकडा दोन-तीन रुपये घेऊन चार दिवसांपुरते पैसे फिरवणारा एक सद्‌गृहस्थ प्रत्येक गावात असतोच. त्याच्याकडून बंडल आणायचं, भरायचं, नवं कर्ज मंजूर करून घ्यायचं, उचलायचं आणि बंडल परत नेऊन द्यायचं. एकच बंडल पंधरा-वीस दिवसांत चार-पाच जणांना कर्जमुक्त करून पुन्हा मालकाच्या कपाटात जाऊन बसतं. कर्ज होतं तेवढंच राहतं. वाढलंच तर त्या गृहस्थाच्या शेकड्याएवढं वाढतं. पण मधल्या एका दुपारी सेक्रेटरी उन्हानं सुकलेल्या पॅडवर शिक्का तीन-चारदा आपटतो, तरी उमटेना म्हणून त्यावर तोंडाची वाफ सोडतो, आणि पावतीवर फिकट निळं 'वसूल' उमटतं. त्या दुपारपुरता तो सभासद देवाचा, धर्माचा आणि जिल्हा बँकेचा कुणाचाच देणेकरी नसतो. चहाही तोच सांगतो. उधारीवर.

हे सगळं आठवायचं कारण केंद्राचा अर्थसंकल्प. त्याच्याबरोबर दरवर्षी एक चित्र छापतात: रुपया आला कुठून आणि गेला कुठे. २०२५-२६ च्या चित्रात येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे होते आणि जाणाऱ्या रुपयातले २० पैसे व्याजाचे. म्हणजे उसने आणलेल्या दर सहा रुपयांमागे पाच रुपयांएवढी रक्कम आधीच्या उसनवारीच्या व्याजालाच लागते. अर्थतज्ज्ञांकडे याला भारदस्त नावं आहेत. मी तो कागद आमच्या सोसायटीच्या निवृत्त सेक्रेटरींना, आबांना, दाखवला. आबांनी पस्तीसेक वर्षं लोकांची नवी-जुनी केलेली. त्यांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि परत दिला.

"ह्ये नवं-जुनंच हाय की. फकस्त शिक्का दिल्लीचा."

"पण आबा, फेडायचा कार्यक्रमही ठरलाय," मी म्हणालो. "सध्या केंद्राचं कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या छप्पन टक्के आहे. २०३१ च्या मार्चअखेर ते पन्नासाच्या आसपास आणायचंय."

"म्हंजे सा टक्के फेडणार?"

"फेडणार नाहीत. कर्ज वाढलं तरी चालेल. उत्पन्न त्याच्यापेक्षा वेगानं वाढवायचं, म्हणजे टक्का आपोआप खाली येतो."

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कर्ज हाय तसंच ठिवायचं आन् सातबाऱ्यावर रान वाढवून दावायचं. आमच्या एका चेअरमननं केलं हुतं त्ये. ऑडिटरनं धा वरसं पिच्छा सोडला न्हाई."

आता आबांचा हा शेरा देशावर थोडा अन्याय करणारा आहे. देशाचं रान खरोखर वाढतं, चेअरमनचं कागदावर वाढलं होतं. पण फरक एवढाच आहे, आणि तो टिकवणं हेच अर्थमंत्र्याचं काम.

महाराष्ट्राचं चित्र फार वेगळं नाही. सांगलीत मंगळवारी गणपतीच्या देवळात रांग लागते. राज्य सरकारही मंगळवार पाळतं. राज्यांच्या कर्जरोख्यांचे लिलाव रिझर्व्ह बँक साधारणपणे मंगळवारीच करते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाप्रमाणे वर्षअखेर राज्याचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या पुढे जाणार होतं. २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येनं भागलं तर माणशी सुमारे ८३ हजार रुपये पडतात. त्यानंतर जन्मलेल्या पोरांनी आपापला वाटा उचलला तर आकडा खाली येईल, त्यांना कुणी विचारलेलं नाही एवढंच. राज्याच्या उत्पन्नाच्या मानानं हे कर्ज एकोणीस टक्क्यांच्या आत आहे, मर्यादेत आहे, असं सरकार सांगतं आणि ते खरंही आहे. दीड एकर उसाला जेवढं पीककर्ज मिळतं त्याच्या आसपासचीच ही माणशी रक्कम. पण आबांनी इथंही खोडा घातला: उसाच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात, सरकारला कोण राहिलं? मी म्हटलं, आपण. "सही कवा केली?" असं त्यांनी विचारलं, त्याचं उत्तर मी त्यांना अजून दिलेलं नाही.

कर्ज कमी कसं करावं, याचा उपाय मात्र या भागात सर्वांना पाठ आहे. खर्च कमी करायचा. कुणाचा, ते ऐकायचं असेल तर साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या एसटीत बसावं. विधानसभेत बोलणाऱ्याला भत्ता मिळतो; एसटीत माणूस पदरमोड करून बोलतो. पदरमोड किती, ते पुढे येईल.

परवा उंब्रज सोडल्यावर माझ्या पुढच्या बाकावरच्या निवृत्त गुरुजींनी पेपर उघडला आणि राज्याच्या कर्जाचा आकडा मोठ्यानं वाचला. गाडीत एकदम शांतता. मग गुरुजी म्हणाले, "फुकट वाटायची सवय लागली की असं होतं."

"एकदम बरोबर," पलीकडचे आजोबा म्हणाले. "फुकटची सवय लई वाईट." आजोबा अठ्ठ्याहत्तरचे. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत. आधार कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला रबर लावून, बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं होतं.

"गुरुजी, फुकट कुणाला म्हंता?" मागून एक ताई कडाडल्या. शेजारी त्यांची जाऊ, मांडीवर कंदी पेढ्यांची पुडी. "आमच्या पंधराशेला व्हय?"

"तसं नाही ताई. पण राज्याच्या तिजोरीवर भार..."

"तुमची पेन्शन किती?"

"ती सेवेची आहे. चौतीस वर्षं खडू झिजवलाय."

"मग आमी काय चौतीस वर्सं झोका खेळतोय?" ताईंनी विचारलं. जावेनं पेढ्यांची पुडी घट्ट धरली. दोघींचं तिकीट अर्धं होतं, महिलांना सगळ्यांनाच अर्धं असतं. गुरुजी सदुसष्टचे, त्यांचंही अर्धं. पासवर कराडच्या कॉलेजला चाललेली दोन पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती; त्यांच्या डोक्यावर ८३ हजार आहेत याचा त्यांना पत्ता नव्हता.

मग एक शेतकरी उठून दांडीला धरून उभाच राहिला. बसून मावणार नाही एवढं त्याच्या मनात साचलं होतं. त्याचं म्हणणं असं: त्याच्या थोरल्या भावानं तीस वर्षं सोसायटी वेळेवर भरली. एकदाही थकला नाही. शेजारच्यानं भरली नाही. २०१९ ची कर्जमुक्ती आली, शेजाऱ्याचं दोन लाखांपर्यंतचं माफ झालं. मग सरकारला वाटलं, नियमित भरणाऱ्यांनाही काही द्यावं, म्हणून भावाला पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं. "आता भाऊ मला रोज विचारतो, तीस वरसं मी कुणाचं ऐकत हुतो? मी काय सांगू?"

कुणीच काही सांगितलं नाही. औषधं विकणाऱ्या कंपनीचा एक तरुण प्रतिनिधी मात्र संतापला. जीएसटी तो भरतो, उत्पन्नकर तो भरतो, टोल तो भरतो, आणि गाडीत पूर्ण तिकीट काढणारा, माझ्याशिवाय, तोच एक. त्यानं सुचवलं की सरकारी नोकर कमी करावेत. गुरुजींचा मुलगा जिल्हा परिषदेत. गुरुजींनी सुचवलं की कर्जमाफी बंद करावी. शेतकऱ्यानं सुचवलं की वेतन आयोग बंद करावा. ताईंनी सुचवलं की आमदारांच्या पेन्शनी बंद कराव्यात, आणि या एकाच ठरावावर गाडीत एकमत झालं, कारण गाडीत आमदार नव्हता.

इतका वेळ कंडक्टर मशीनमधून निघालेली पट्टी बोटाला गुंडाळत ऐकत होता. पेठ नाक्याला तो म्हणाला, "सवलतीचं पैसं सरकार महामंडळाला भरून देतं. त्यातनं आमचा पगार हुतो. तवा काय बंद करायचं असंल तर आमची ड्युटी संपल्यावर ठरवा." मग इस्लामपूरच्या सुट्ट्या पैशांवरून वाद सुरू झाला आणि राज्याचं कर्ज मागं पडलं.

कोणत्याही वित्त आयोगानं ही गाडी एकदा करावी. आयोगाचा अहवाल यापेक्षा जाड येईल, शहाणा येईल असं वाटत नाही. निवडणुकीच्या तोंडावर योजनांचं पेव फुटतं (हरिपूरकरांनी राग मानू नये, त्यांच्या पेवांत निदान हळद असायची) आणि एकदा फुटलेलं कुणाला बुजवता येत नाही, याचं कारण त्या गाडीतल्या प्रत्येक बाकावर बसलेलं होतं. माझ्या बाकावरही. मला सवलत नव्हती, पण माझ्या घरी येणाऱ्या गॅसपासून शेताच्या विजेपर्यंत कशाकशात सरकारचा हात आहे याचा हिशेब मी पेठ नाक्याच्या पुढे गेल्यावर मनातच बंद केला.

खर्च खरोखर कमी करून दाखवलेलं एकच सरकार या भागानं पाहिलं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. त्यांनी गांधी-लग्नं लावली: मानपान नाही, जेवणावळी नाहीत, चार माणसांत हार घातले की लग्न झालं. सावकाराच्या वहीतली अर्धी पानं लग्नखर्चाचीच असायची, तिथंच त्यांनी घाव घातला. उत्पन्नाच्या बाजूचे त्यांचे मार्ग मात्र आज कुणाला सुचवता येणार नाहीत. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ इंग्रजांची पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली, १९४४ च्या एप्रिलमध्ये धुळ्याचा सुमारे साडेपाच लाखांचा खजिना लुटला. एवढं करून त्या सरकारचे मंत्री ज्वारीच्या रानात झोपत. आज त्याच गावांतल्या लग्नांत ड्रोन फिरतो, डॉल्बी लागतो, आणि मार्चमध्ये बाप बंडल शोधत हिंडतो.

खजिन्याच्या किल्ल्या आमच्या भागाकडे कधी आल्याच नाहीत असंही नाही. यशवंतराव चव्हाण १९७० ते ७४ देशाचे अर्थमंत्री होते. जन्म देवराष्ट्र्याचा, घडण कराडची. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं; १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं आणि देवराष्ट्रे तिकडे गेलं. त्यामुळे यशवंतरावांवर दोन्ही जिल्हे हक्क सांगतात. त्यांच्या १९७३-७४ च्या अर्थसंकल्पावर मात्र कुणीच सांगत नाही. त्यात ५५० कोटींची तूट होती आणि लोकांनी त्याचं नाव काळा अर्थसंकल्प ठेवलं. आदल्या वर्षी दुष्काळ, त्याच्या आदल्या वर्षी युद्ध आणि बांगलादेशचे निर्वासित. दुसरा माणूस असता तर त्यानं पेटीच उघडली नसती. आता तूट मोजायची रीत बदलली आहे, त्यामुळे आकड्याशी आकडा लावणं बरोबर नाही, तरी राहवत नाही म्हणून सांगतो: २०२५-२६ ला केंद्रानं धरलेली तूट १५ लाख ६९ हजार कोटींच्या घरात होती, आणि तिला कुणी कसलाही रंग दिला नाही. पुढे इस्लामपूरच्या जयंत पाटलांनी राज्याचे सलग नऊ अर्थसंकल्प मांडले. पैसा कमी आणि मागणी जास्त, हे एकच रडगाणं नऊ वर्षं न रडता सांगायचं म्हणजे कसब लागतं.

पण कर्ज म्हटलं की नुसतं कपाळाला हात लावणाऱ्यांना मी एकदा आटपाडीला नेईन. कृष्णेचं आपल्या वाट्याचं पाणी २००० सालच्या आत अडवायचं म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ निघालं आणि त्यानं सरकारच्या हमीवर बाजारातून कर्जरोखे काढून पैसा उभा केला. व्याज चढं होतं, कामं रखडली, खर्चाचे अंदाज दर काही वर्षांनी अंगानं भरत गेले. टीकाकारांनी जे जे म्हटलं त्यातलं बरंचसं खरं. तरीही कराडजवळच्या टेंभूहून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढत खानापूर-आटपाडीच्या माळावर पोचलं. जिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गलाई करायला देशभर पांगावं, तिथं आज डाळिंबाच्या बागा आहेत. पंपांचं वीजबिल हा या योजनांचा कायमचा आजार. बिल थकायचं, पंप बंद व्हायचे, मोर्चा निघायचा, पंप चालू व्हायचे. शेवटी तोडगा निघाला: ८१ टक्के बिल सरकार भरणार, १९ टक्के शेतकरी. हे ८१ टक्के अर्थसंकल्पात बोजा म्हणून लिहितात. बागेत उभं राहिल्यावर तो शब्द तोंडातून निघत नाही. पण म्हणून कर्जाचा प्रत्येक रुपया टेंभूला गेला असं समजू नका. निवडणुकीच्या आधी खात्यावर जमा झालेला रुपया माळावर चढत नाही.

कर्ज कशासाठी काढलं हे विचारायचं सोडून किती काढलं हेच विचारत बसायची खोड आपल्याला नवी लागली आहे. आमच्या पूर्वजांना ती परवडली नसती. १७२० साली कराडजवळच्या मसूरला विसाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं घेतली त्या पहिल्या बाजीरावाचा सगळा कारभार कर्जावर चालला. साताऱ्याशेजारच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्याचे गुरूही आणि सावकारही. हा योग कुणाच्या पत्रिकेत नसावा, कारण पाया पडताना आशीर्वादासाठी पडतोय की मुदतवाढीसाठी हे दोघांनाही कळत नसणार. बाजीरावानं स्वामींना लिहिलेल्या पत्रांत घेणेकऱ्यांच्या तगाद्याची रड जागोजाग आहे: सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाचं कातडं गेलं, अशा अर्थाचं तो लिहितो. हाच माणूस १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभा राहिला. ऑडिटरनं त्याला मसूरच्या पुढे सरकू दिलं नसतं.

न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवरून पुढचा हिशेब मांडून ठेवला आहे. नानासाहेबानं १७४० ते १७६० या वीस वर्षांत दीड कोट रुपये कर्ज काढलं, शेकडा बारा ते अठरा दरानं, आणि मराठी घोडी अटकेपर्यंत गेली. पानिपतानंतर पत घसरली, थोरल्या माधवरावानं ती सावरली. तरी मरताना त्याच्यावर चोवीस लाखांचं देणं होतं, आणि थेऊरला अखेरच्या दुखण्यात त्याला सगळ्यात जास्त घोर त्याच देण्याचा होता. नाना फडणविसाच्या काळात कर्ज आठ लाखांवर आलं. आजच्या कुठल्याही पतमापन संस्थेनं या आलेखावर शाबासकी दिली असती: दीड कोट, चोवीस लाख, आठ लाख.

शेवटचा आकडा दुसऱ्या बाजीरावाचा. त्याच्यावर काहीच कर्ज नव्हतं, उलट खासगी शिल्लक बक्कळ होती. १८१८ मध्ये त्यानं राज्य कंपनीच्या हवाली केलं आणि साल आठ लाख तनख्यावर बिठूरला १८५१ पर्यंत निवांत राहिला.